टेंडन शीथला ग्राफ्ट लावायला शिकताय? आधी हे वाचा

हॅन्ड सर्जरीत नवीन असाल तर झोन २ ची धास्ती वाटणारच. तळहाताच्या बोटांकडच्या घडीपासून मधल्या पेरापर्यंतचा हा भाग, बोट वळवणारे दोन्ही फ्लेक्सर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) इथे एकाच अरुंद शीथमधून, म्हणजे नळीसारख्या आवरणातून जातात, त्यामुळे जराशी चिकटली तरी बोट वळत नाही. स्टर्लिंग बनेल यांनी याला 'नो मॅन्स लँड' म्हटलं ते उगाच नाही.

मला सुरुवातीला वाटायचं की शीथ फाटलीय ना, मग ग्राफ्टने, म्हणजे दुसरीकडून घेतलेल्या तुकड्याने बुजवली की अॅढिजन (टेंडन आजूबाजूला चिकटणं) होणार नाहीत. एका केसमधे मनगटावरच्या एक्स्टेन्सर रेटिनॅक्युलमचा (तिथले टेंडन जागेवर धरणाऱ्या पट्ट्याचा) तुकडा घेऊन पॅच लावला, दिसायला एकदम सुंदर, पण ताणून शिवला होता आणि रिपेअरची, म्हणजे कापलेला टेंडन शिवलेली जागा थोडी जाड असते हे लक्षातच घेतलं नाही. पेशंटने मनापासून व्यायाम केले तरी बोट अर्ध्यावर अडकलं. काही महिन्यांनी टेनोलिसिस (चिकटलेला टेंडन सोडवायची शस्त्रक्रिया) करताना बघितलं तर रिपेअरची ती जाड गाठ पॅचच्या कडेलाच येऊन थांबत होती आणि तिथेच सगळं चिकटलेलं. फार वाईट वाटलं, कारण तो पॅच नसता तर कदाचित बरं झालं असतं.

तेव्हापासून पॅच ढिलाच ठेवतो. गुळगुळीत बाजू टेंडनकडे, म्हणजे रेटिनॅक्युलमची आतली सायनोव्हियल बाजू, आणि शिरेचा पॅच असेल तर इंटिमा, म्हणजे शिरेचं आतलं अस्तर. शिवून झाल्यावर बोट पूर्ण वळवून सरळ करून बघायचं, कुठे अडतंय वाटलं तर टाके काढा, वाईट वाटून घेऊ नका. आता प्रत्येक केसमधे शीथ बंद करायचा आग्रह राहिलेला नाही, कारण टेंडनला स्वतःची भरून यायची ताकद असते आणि अॅढिजन टाळायला खरा उपयोग लवकर हालचालीचा होतो. पण ती हालचाल सोसायला रिपेअर मजबूत हवा, म्हणून निदान ४ स्ट्रँडचा कोअर सूचर (टेंडनच्या आतून जाणारे ४ धागे) आणि भोवतीने बारीक एपिटेंडिनस टाके. ए२ आणि ए४ पुली (टेंडनला हाडाशी धरून ठेवणारे शीथचे जाड पट्टे) मात्र जपा, त्या पूर्ण गेल्या तर टेंडन धनुष्याच्या दोरीसारखा हाडापासून उचलला जातो, तिथे ग्राफ्ट खरंच लागतो.

आणखी एक, टेंडनचा पृष्ठभाग फोरसेप्सने चिमटू नका, फक्त कापलेल्या टोकाला आतून धरा, कारण जिथे चिमटा बसतो तिथे चिकटायला जागा मिळते.

ऑपरेशन नोटमधे मी आता पॅच कुठून घेतला, कुठली बाजू आत ठेवली, टेबलवर बोट किती वळलं हे सगळं लिहितो, थेरपिस्टला पहिल्याच दिवशी तेच विचारायचं असतं.