पिकअपला टायर घेताना लोड रेटिंग कसं बघायचं

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण साइझ बघतात, रबरावरची नक्षी किती खोल आहे ते बघतात, आणि फार तर किती प्लायचा आहे एवढं विचारतात. पिकअपला तेवढ्यावर भागत नाही, कारण ही गाडी आज रिकामी तर उद्या हौदा भरून सिमेंटच्या गोण्या घेऊन पळते आणि ते सगळं वजन शेवटी तळहाताएवढ्या चार जागांवर टेकलेलं असतं.

सुरुवात दुकानात करू नका, गाडीच्या दारापाशी करा. बऱ्याच गाड्यांना ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर नाहीतर दाराच्या कडेला स्टिकर असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या एक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते वेगवेगळं दिलेलं असतं, शिवाय टायर साइझ आणि थंड टायरमध्ये ठेवायची हवा. आपल्याला लागतो मागच्या एक्सलचा आकडा. समजा तो १७५० किलो आहे, मग दोन टायर म्हणजे एकावर ८७५, आणि लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन घेतो ते सांगणारा अंक, त्याच्या तक्त्यात ८७५ म्हणजे १०३. याच्या खाली जायचंच नाही, आणि कंपनीने ज्या इंडेक्सचा टायर दिला होता त्याच्याही खाली नाही. मी तर वर दहा-पंधरा टक्के धरूनच चालतो, कारण माल कधी दोन्ही चाकांवर सारखा बसत नाही आणि वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. म्हणजे १०७ किंवा १०८, अनुक्रमे ९७५ आणि १००० किलो.

आता टायरपाशी खाली बसा आणि ओल्या फडक्याने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, पुसा. समजा लिहिलंय २६५/७० आर१७ ११५टी. ११५ म्हणजे १२१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. दुसऱ्या एखाद्या टायरवर याच साइझच्या आधी एलटी, म्हणजे लाइट ट्रक, असेल आणि पुढे १२१/११८एस. दोन आकडे बघून गोंधळू नका, पहिला एकेरी चाकाचा, १४५० किलो, आणि दुसरा जिथे मागे जोडीने डबल चाकं असतात तिथला, १३२० किलो. साध्या पिकअपला पहिलाच बघायचा.

इथे एक गोष्ट आहे जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. एलटी नसलेला, कार-एसयूव्हीच्या गटातला टायर पिकअपला लावायचा असेल तर त्याच्या क्षमतेला १.१ ने भागायचं असतं, म्हणजे १२१५ चे झाले साधारण ११०५. आपल्या ८७५ च्या हिशोबात १०६ म्हणजे ९५० किलो, आरामात पुरेल असं वाटतं ना, पण भागलं की ८६४ उरतात, कमी पडला. १०७ चे ९७५ भागून ८८६ येतात, तो कसाबसा बसतो. साइझच्या शेवटी सी असलेले, आर१५सी वगैरे, हे कमर्शियल गटातले असतात, त्यांना ही कपात लागत नाही. पण तो सी वेगळा आणि लोड रेंज सी वेगळी, ही गल्लत करू नका.

लोड रेंज म्हणजे टायरची ताकद सांगणारं अक्षर, सी ला ६ प्लाय (थर) रेटिंग, डी ला ८, ई ला १०. आत खरंच दहा थर असतात असं नाही, पूर्वी सुती थर असायचे तेव्हाचं ते माप आहे, आजचा टायर कमी थरांत तेवढीच ताकद देतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वजन रबर नाही, हवा उचलते. एलटी २६५/७० आर१७ लोड रेंज सी ५० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) ११२० किलो घेतो आणि ई चे १४५० हे ८० पीएसआयचे आहेत, त्यामुळे ई घेऊन त्यात ५० च भरली तर तुम्ही सी एवढंच वजन उचलताय, पैसे मात्र ई चे गेले. कारचा टायर काढून एलटी लावला तर दारावरची जुनी हवा पुरेलच असं नाही, टायर कंपनीचा हवा आणि वजनाचा तक्ता बघूनच आकडा ठरवा. हवा थंड टायरला तपासायची, गाडी तीन तास तरी उभी असावी, आणि चालून तापल्यावर वाढलेली हवा कधीच काढायची नाही. मी एकदा भरलेली गाडी तासभर चालवून थांबलो, मागच्या डाव्या टायरवर हात ठेववत नव्हता आणि उजवा नुसता कोमट, मोजलं तर डाव्यात हवा बरीच कमी. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतो, तापतो, आणि शेवटी आतले थर सुटायला लागतात.

आपण खरंच किती वजन नेतो हे अंदाजाने ठरवू नका. नेहमीचा माल भरून वजनकाट्यावर जा, आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. फाळक्यापाशी, मागच्या एक्सलच्याही मागे ३०० किलो ठेवलं तर मागे ३०० पेक्षा जास्त वाढतं, कारण पुढचा भाग तरफेसारखा उचलला जातो, स्टेअरिंग हलकं लागतं ते त्यामुळेच. ट्रेलर ओढत असाल तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकवर येतो, १५०० किलोचा ट्रेलर म्हणजे १५० ते २२५ किलो, तेही एक्सलच्या मागे, हे हिशोबात धरायला विसरू नका.

रिमलाही स्वतःची मर्यादा असते, आकडा बऱ्याचदा रिमवरच कोरलेला सापडतो. साधा रबरी व्हॉल्व्ह ८० पीएसआयसाठी नसतो, ई लावताय तर जास्त प्रेशरचा, धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. टायर मोठा लावला म्हणून एक्सल, पाटे किंवा ब्रेकची लिमिट वाढत नाही, दारावरचा आकडा तोच राहतो.

उगाच सगळ्यात जाड टायर घ्या असंही मी म्हणणार नाही. बहुतेक वेळ रिकामी फिरणाऱ्या पिकअपला ई लोड लावला तर गाडी दणके देते, मागचा भाग उड्या मारतो, टायर जड म्हणून डिझेल जास्त खाते. एका एक्सलवर दोन्ही टायर मात्र एकाच साइझचे आणि एकाच रेटिंगचे पाहिजेत. आणि स्टेपनीचा आकडाही आजच वाचून ठेवा, भर रस्त्यात हौदा भरलेला असताना ती मागे लावायची वेळ आली तर तिलाही तेवढंच वजन घ्यायचं असतं.