डॉग शोमधे कुत्रा उतरवायचाय? सुरुवात इथून करा

थंडी पडायला लागली की पुण्यात डॉग शोचे दिवस येतात आणि सोसायटीतल्या प्रत्येक लॅबवाल्याला (लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर) वाटायला लागतं की आपल्या ब्रुनोला पण उतरवावं, दिसायला तर एक नंबर आहे. उतरवा की, छंद मस्त आहे, पण आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. कन्फॉर्मेशन शोमधे, म्हणजे कुत्र्याची ठेवण आणि चाल जोखणाऱ्या शोमधे, तुमचा कुत्रा शेजारच्या कुत्र्याशी कमी आणि कागदावरच्या ब्रीड स्टँडर्डशी, म्हणजे त्या जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याच्या वर्णनाशी, जास्त लढत असतो. लॅबचंच घ्या, नर खांद्यापाशी ५६ ते ५७ सेंटिमीटर, मादी ५४ ते ५६, दुहेरी कोट म्हणजे केसांचे दोन थर, शेपूट बुडाशी जाड आणि पाणमांजरासारखी, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले. हे सगळं कुणी सौंदर्य म्हणून ठरवलेलं नाहीये, थंडगार पाण्यात उडी मारून पडलेला पक्षी तोंडात धरून आणणाऱ्या कुत्र्याला जे लागतं ते लिहून ठेवलंय. पहिला नोंदलेला डॉग शो १८५९ मधे इंग्लंडच्या न्यूकॅसलमधे झाला तेव्हा सुद्धा त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, म्हणजे शिकारीची कुत्री. त्यामुळे पहिलं काम काय तर आपल्या ब्रीडचं स्टँडर्ड शोधून दोन-चारदा नीट वाचा, नेटवर फुकट मिळतं, आणि मग कुत्र्याला समोर उभं करून ओळ न ओळ ताडून बघा. प्रेम जरा बाजूला ठेवून बघायचं, हा अवघड भाग आहे.

आता पेपर्स. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया, सगळे केसीआय म्हणतात, त्यांचं मुख्य ऑफिस चेन्नईला आहे आणि गावोगावचे क्लब त्यांच्याशी जोडलेले असतात, पुण्यात पूना केनेल कॉन्फेडरेशन आहे. ब्रीडरने अख्ख्या लिटरचं, म्हणजे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांचं, रजिस्ट्रेशन केलेलं असतं, पिल्लाला मायक्रोचिप असते, चिपचा नंबर १५ आकडी, तोच नंबर सर्टिफिकेटवर असायला हवा. आणि सर्टिफिकेट तुमच्या नावावर ट्रान्सफर झालेलं पाहिजे, हे लोक विसरतात आणि मग एंट्रीच्या वेळी धावपळ करतात. 'पेपर्स नंतर देतो', 'पेपर्सचे वेगळे पैसे पडतील' असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ निघा, एका पिल्लाचे पेपर्स दुसऱ्या पिल्लाला चिकटवायचे उद्योग चालतात. 'डबल बोन लॅब', 'पंच फेस', 'हेवी बोन' असली भाषा ऐकू आली तरी निघा, स्टँडर्डमधे डबल बोन नावाची चीजच नाही. आणि महापालिकेचं लायसन्स वेगळं, केसीआयचं रजिस्ट्रेशन वेगळं, पहिलं घरात कुत्रा पाळायला लागतं म्हणून ते काढून ठेवा, पण ते दाखवून शोमधे एंट्री मिळत नाही.

तुमचा कुत्रा पेपर्सवाला नसेल किंवा न्यूटर (नसबंदी) केलेला असेल तर कन्फॉर्मेशनच्या रिंगमधे तो चालत नाही, कारण सगळा हिशोब पुढच्या पिढीसाठी कोणता कुत्रा वापरावा याचाच आहे. यात त्या कुत्र्याची काही चूक नाही, त्याच्याबरोबर ओबिडियन्स (आज्ञा पाळायच्या स्पर्धा) करा, अजिलिटी (अडथळ्यांची शर्यत) करा, तळजाई टेकडीवर फिरा.

शोसाठीच पिल्लू घेणार असाल तर घाई नको. २०१७ च्या केंद्राच्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, त्यामुळे महिन्याचं पिल्लू हातात टेकवणारा माणूस बाकी काय काय करत असेल याचा अंदाज घ्या. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर आई-बापाच्या हिप्सचे एक्सरे मागा, ग्रेड ए पासून ई पर्यंत असते, ए चांगली. डोबरमन घेताना कान कापून देतो, शेपूट कापून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. एफसीआय, म्हणजे केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या स्टँडर्डमधे आता डोबरमनचे कान आणि शेपूट नैसर्गिकच लिहिलंय. आणि खरं सांगू का, मला तर वाटतं पुणेकरांनी कारवान हाउंडचा विचार जास्त करावा, आपल्याच दख्खनचं कुत्रं आहे, ऊन सोसतं, कोटचा काही ताप नाही, अंगात नुसता पळ. केसीआयमधे ते कारवान हाउंड म्हणून लागतं, इंडियन नॅशनल केनेल क्लब नावाची दुसरी संस्था आहे तिथे मुधोळ हाउंड. २००५ मधे पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात एक मुधोळ होतं. अर्थात फ्लॅटमधे ठेवून रोज पळवणार नसाल तर मग राहू द्या.

एंट्री भरायच्या आधी एक अख्खा शो कुत्र्याशिवाय बघा. सकाळी लवकर जा, कॅटलॉग (उतरलेल्या कुत्र्यांची छापील यादी) विकत घ्या, आपल्या ब्रीडच्या रिंगपाशी खुर्ची टाका आणि शेवटपर्यंत उठू नका. जज पहिला नंबर कुणाला देणार ते मनात ठरवायचं आणि मग जुळतंय का बघायचं, सुरुवातीला अजिबात जुळणार नाही. हँडलर लोकांशी, म्हणजे रिंगमधे कुत्रा धरून चालवणाऱ्यांशी, बोला पण रिंगमधे जायच्या आधी नाही, तेव्हा ते कुणाचेच नसतात, नंतर चहा घेताना भरभरून बोलतात.

घरी काय शिकवायचं तर तीन गोष्टी, उभं राहणं, चालणं आणि परक्याचा हात लावून घेणं.

उभं राहणं म्हणजे स्टॅक. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागच्या पायांचा टाचेपासून खालचा भाग जमिनीला काटकोनात, पाठ सरळ, मान वर. जर्मन शेफर्डला मागचा एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून उभं करतात, बाकी बहुतेकांचे चारही पाय चौकोनात. सुरुवातीला हाताने पाय उचलून ठेवायचे, कोपरापासून उचला, पंजा धरून ओढलात की तो लगेच पाय परत घेतो. चार-पाच सेकंद उभा राहिला की खाऊ, मग हळूहळू वेळ वाढवायचा. खाऊ म्हणजे बेट, चिकनची कलेजी उकडून तव्यावर कोरडी करून बारीक तुकडे, याला तोड नाही. घरात ते चालत नसेल (सदाशिव पेठेत चालणार नाहीच) तर पनीर किंवा चीज, काम भागतं. एक मात्र करा, बसलास की खाऊ ही सवय शोच्या कुत्र्याला लावू नका, कारण मग रिंगमधे बेट दिसलं रे दिसलं की साहेब बूड टेकवतात.

चालणं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण पावडर-स्प्रेने झाकता न येणारी हीच एक गोष्ट आहे आणि हिला पैसे पडत नाहीत. जजला ट्रॉट हवा असतो, म्हणजे एका बाजूचा पुढचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकदम पडतो ती दुडकी चाल. हळू चाललात तर बरेच कुत्रे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतात, त्याला पेसिंग म्हणतात आणि ते डुलल्यासारखं दिसतं, जोरात पळालात तर कुत्रा उड्या मारायला लागतो. प्रत्येक कुत्र्याचा एक स्पीड असतो ज्यात त्याची पाठ हलत नाही आणि पाय लांब पडतात, तो स्पीड शोधणं हाच तुमचा अभ्यास. कुणाला तरी मोबाईल देऊन तीन बाजूंनी शूट करायला सांगा, समोरून येताना, पाठमोरं जाताना आणि बाजूने, मग स्लो मोशनमधे बघा. गुळगुळीत टाइल्सच्या पार्किंगमधे सराव करू नका, पाय घसरतात आणि कुत्रा आखडून चालायला शिकतो, मातीचं किंवा गवताचं मैदान शोधा. टेकडी स्टॅमिनासाठी चांगली आहे, वेताळ टेकडीवर मोर दिसला की सगळं शिकवलेलं विसरतो ते सोडा, पण घरी आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघत जा, टिक फिव्हर झाला की अख्खा सीझन गेला समजा.

पॅटर्न दोन यायलाच हवेत, सरळ जाऊन सरळ परत, आणि त्रिकोण. कुत्रा डाव्या हाताला, पट्टा कानांच्या मागे वर, जज रिंगच्या मधे असतो म्हणून कुत्रा कायम तुमच्या आणि जजच्या मधे राहिला पाहिजे. पट्टा सैल ठेवायला शिका, वर खेचून धरलात की पुढचे पाय हवेत तरंगल्यासारखे पडतात आणि जजला ते लांबूनच कळतं.

तिसरं म्हणजे हात लावून घेणं. जज तोंड उघडून दात बघतो, खांद्यावरून, बरगड्यांवरून, मांडीवरून हात फिरवतो, नर असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरलीत का हे चाचपून बघतो. बीगल, पग, डॅशहंड वगैरे छोट्यांना हे टेबलवर होतं, त्यामुळे घरी टेबलवर रबरी मॅट टाकून सवय करा. सोसायटीतल्या काका-काकूंना विनंती करा की रोज एकाने येऊन दात बघून जा, टोपीवाला, चष्म्यावाला, दाढीवाला, सगळे प्रकार झाले पाहिजेत. आवाजाचं पण तसंच, शोमधे स्पीकर सतत चालू असतो. पुण्यात त्यासाठी आयती सोय आहे, गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की कुत्र्याला खूप लांब उभं करून खाऊ द्या आणि रोज थोडं जवळ जा, घाबरला की मागे या. एकदम पथकाच्या पुढ्यात नेऊन उभं करू नका, मग जन्मभर स्पीकर बघितला की शेपूट आत.

अंगाबद्दल थोडं. आपल्याकडे जाड कुत्रा म्हणजे तब्येत छान असा समज आहे आणि आजी चपाती देत राहते. बोटांना बरगड्या हलक्या दाबाने लागल्या पाहिजेत, कंबर वरून दिसली पाहिजे. जज हात फिरवून चरबी आणि मसल यातला फरक दोन सेकंदात ओळखतो. लॅबला शोच्या आदल्या रात्री अंघोळ घालू नका, कोट मऊ पडतो, दोन-तीन दिवस आधी घाला. गोल्डनचे पंजे आणि कान ट्रिम करून घ्या. वायर कोटच्या टेरियरला क्लिपर लावायचा नाही, मेलेले केस हाताने उपटायचे असतात आणि ते जाणत्याकडूनच शिका. नखं मात्र सगळ्यांचीच, दर आठवड्याला थोडी थोडी.

एंट्री शोच्या बऱ्याच आधी बंद होते कारण कॅटलॉग छापायचा असतो, त्यामुळे तारीख जाहीर झाली की लगेच भरा. क्लास वयाप्रमाणे असतात, पपी, ज्युनियर वगैरे, शिवाय ब्रेड इन इंडिया आणि ओपन, शेड्यूलमधे वयाची अट वाचा आणि वय शोच्या दिवशी किती ते मोजा, फॉर्म भरताना किती ते नाही. रेबीज आणि बाकीची लस शोच्या पुरेशी आधी झालेली असावी, आदल्या दिवशी टोचून नेऊ नका. माज आलेली मादी असेल तर घरीच ठेवा, नियमात बसलं तरी रिंगमधल्या बाकीच्या नरांचा सत्यानाश होतो आणि लोक लक्षात ठेवतात.

शोच्या दिवशी क्रेट, पाणी, जुना टॉवेल, ब्रश, बेटची पिशवी, सर्टिफिकेट आणि लसीचं पुस्तक, एवढं पुरे. सकाळी गार वाटलं तरी अकरानंतर ऊन चढतं, पग आणि बुलडॉगवाल्यांनी सावलीची जागा आधी धरा, ओला टॉवेल जवळ ठेवा आणि गाडीत पाच मिनिटं सुद्धा सोडू नका. कपडे साधे पण नीट, खिसे असलेले, कुत्र्याच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाचे, काळ्या लॅबमागे काळी पँट घातलीत तर त्याची पाठ जजला दिसणारच कशी. बूट सपाट.

रिंगमधे स्टुअर्ड नंबर पुकारेल, दंडावर नंबर लावून वेळेत हजर राहा, तुमच्यासाठी कुणी थांबत नाही. आधी सगळे मिळून एक चक्कर, मग एकेकाची तपासणी, मग एकेकाची चाल. जज दुसऱ्याला बघत असताना कुत्र्याला जरा मोकळं सोडा पण एक डोळा जजवर ठेवा, तो मधेच मान वळवून लाइनकडे बघतो. पुढच्याच्या अंगावर चढू नका, अंतर ठेवा. जजशी गप्पा मारायच्या नाहीत, वय विचारलं तर महिन्यांत सांगायचं, बस. बाहेरून घरच्यांनी 'ब्रुनो ब्रुनो' करायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा, विशेषतः आजीला.

क्लास जिंकणारे नर एकमेकांत, माद्या एकमेकांत, त्यातले सर्वोत्तम मिळून बेस्ट ऑफ ब्रीड, मग ग्रुप, मग बेस्ट इन शो, असा वर जायचा रस्ता असतो. एफसीआयच्या पद्धतीत दहा ग्रुप, शेफर्ड पहिल्यात, डोबरमन-रॉटवायलर दुसऱ्यात, बीगल सहाव्यात, लॅब-गोल्डन आठव्यात, पग नवव्यात. चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे सीसी, हे खरं कमाईचं, वेगवेगळ्या जजकडून ठरावीक सीसी झाल्या की चॅम्पियन टायटल लागतं. बऱ्याचदा एकाच वीकेंडला दोन शो आणि दोन वेगळे जज असतात, शनिवारी चौथा आलेला रविवारी पहिला येतो, कारण एक जज डोक्याला महत्त्व देतो तर दुसरा चालीला. म्हणून एका निकालावर कुत्रा चांगला की वाईट ठरवू नका, आणि जज विकला गेलाय ही पार्किंगमधली चर्चा तर ऐकूच नका.

हरलात तर रिंगमधे तोंड वाकडं न करता जिंकणाऱ्याला हात मिळवा. सगळं जजिंग संपल्यावर जजकडे जाऊन शांतपणे विचारा की माझ्या कुत्र्यात काय कमी वाटलं, बहुतेक जण दोन वाक्यात नीट सांगतात, खांदा सरळ आहे, मागून चाल जवळ पडते, वजन कमी करा, असं काहीतरी. ते तिथल्या तिथे कॅटलॉगवर आपल्या नंबरसमोर लिहून ठेवा, जजच्या नावासकट, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जजचं नाव शेड्यूलमधे दिसलं की एंट्रीचे पैसे भरायचे की नाही ते ठरवता येतं. आणि सीसी मिळालंच तर ते कार्ड गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून विसरू नका, त्याच दिवशी फोटो काढून फाइलला लावा, टायटलसाठी अर्ज करताना लागतं.