कविता घट्ट करायची असेल तर ती अभंगात लिहून पाहा

मुक्तछंदात लिहिणाऱ्यांनीही हा सराव जरूर करावा. आपली एखादी पसरट कविता घ्या आणि तिचा गाभा मोठ्या अभंगाच्या साच्यात बसवा: चार चरण, अक्षरे 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच मोजायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. उदाहरणार्थ:

दिवा मालवला / जागी तरी रात / उशाखाली हात / शोधी काही

एवढ्याशा जागेत ‘खूप’, ‘जणू’, ‘अगदी’ आपोआप गळतात. ‘एकटेपणा’ सांगायलाही जागा उरत नाही, मग उशाखालचा हात दाखवावाच लागतो. खरा फायदा हाच. शेवटच्या चार अक्षरांवर सर्वाधिक वेळ द्या, कारण चरण तिथे अचानक आखूड होतो आणि कान थबकतो. सगळ्यात वजनदार शब्द तिथेच शोभतो. यमकासाठी मात्र अर्थ वाकवू नका; जमत नसेल तर दुसरा चरणच बदला.

मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तिथे खूण करा. नंतर हवे तर साचा मोडून पुन्हा मुक्तछंदात या, पण गळलेले शब्द परत घालू नका.