पोर्टेड सबवूफर बॉक्स: करवत लावण्याआधीची तयारी

गाडीच्या डिकीत ठेवायच्या सबवूफरसाठी (फक्त खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरसाठी) हवेची फट, म्हणजे पोर्ट, असलेला खोका करायचा तर पहिलं हत्यार करवत नव्हे, मेजरिंग टेप. डिकीची रुंदी, खोली आणि उंची तर मोजाच, पण डिकीचं दार उघडल्यावर जी चौकट उरते ती वेगळी मोजा, कारण बॉक्स आत मावतो आणि दारातून जात नाही हा प्रकार नेहमीचा. स्टेपनी काढायला बॉक्स दर वेळी उचलावा लागणार का, तेही आत्ताच ठरवा. भरल्या बॉक्सचं वजन सहज २८-३० किलो होतं. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर पोर्टेड बॉक्सचा हट्ट सोडा. शंका असल्यास पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून डिकीत ठेवून बघा.

मग सबवूफरचा डेटाशीट हाताशी घ्या. त्यातले आकडे थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात: नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडणी केली आणि रिचर्ड स्मॉल यांनी ती सत्तरच्या दशकात पुढे नेली. आपल्याला त्यातले दोन लागतील: एफएस (Fs, स्पीकरची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या) आणि क्यूईएस (Qes, ते कंपन मॅग्नेट-कॉइल किती आवरतात त्याचा आकडा). एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५०च्या खाली आलं तर ड्रायव्हर (म्हणजे सबवूफरचा स्पीकर) सीलबंद, पोर्ट नसलेल्या बॉक्सचा, ९०-१००च्या वर गेलं तर पोर्टचा, मधल्याला दोन्ही चालतं. हा अंदाज आहे, कायदा नव्हे. उत्पादकाने पोर्टेड बॉक्सचं घनफळ दिलं असेल तर सुरुवात तिथूनच करा.

इथून पुढे एकच उदाहरण धरू: १२ इंची एक सबवूफर, निव्वळ घनफळ ५० लिटर, ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्टमधली हवा सर्वांत जास्त हलते तो) ३४ हर्ट्झ. पोर्टचं क्षेत्रफळ दर लिटरमागे साधारण २.७ ते ३.६ चौरस सेमी ठेवतात. त्याहून कमी ठेवलं तर मोठ्या आवाजात हवा पोर्टमधून फुसफुसते आणि ते संगीतात ऐकू येतं. आपण ५ सेमी रुंद आणि ३२ सेमी उंच फट घेऊ, म्हणजे १६० चौरस सेमी. लांबीसाठी ३४३०० ला (६.२८ गुणिले ट्यूनिंग) ने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्याला पोर्टच्या क्षेत्रफळाने गुणून घनसेंटीमीटरमधल्या निव्वळ घनफळाने भागा. आले सुमारे ८२.५ सेमी. पोर्टच्या दोन्ही टोकांची थोडी हवा पोर्टसोबतच हलते, त्यापोटी सुमारे १०.५ सेमी वजा करा. उरले ७२ सेमी. ही लांबी फटीच्या मध्यरेषेवर मोजायची, भिंतीवर नाही.

आता वजाबाकीचं काम, आणि बहुतेक बॉक्स बिघडतात ते इथेच. ५० लिटर ही मोकळी हवा आहे, खोक्याचं आतलं माप नव्हे. त्यात पोर्टमधली हवा १०.९ लिटर (पोर्टचे ३.६ सेमी पुढच्या दुहेरी फळीच्या जाडीतच असतात, ते सोडून), पोर्टच्या फळ्यांचं लाकूड साडेतीन, ड्रायव्हरचा मॅग्नेट-सांगाडा ३ (नेमका आकडा डेटाशीटमध्ये असतो) आणि आधाराची पट्टी १ लिटर असं मिळवा. एकूण सुमारे ६८.५ लिटर होतात. ही बेरीज विसरून खोकाच ५० लिटरचा केला तर खरी हवा ३१.५ लिटर उरते आणि ट्यूनिंग ३४ वरून थेट ४३ हर्ट्झवर चढतं. मग प्रत्येक गाण्यात एकच स्वर घुमतो आणि लोक अँप्लिफायरला दोष देतात.

आतली उंची ३२, खोली ३६.४ धरली तर रुंदी ५८.८ सेमी येते. १८ मिमी जाडी आणि दुहेरी पुढचा भाग धरून बाहेरचं माप ६२.४ बाय ३५.६ बाय ४१.८. कापायच्या फळ्या अशा: वरची-खालची ६२.४ बाय ४० च्या दोन, मागची ६२.४ बाय ३२, पुढची आतली ५५.६ बाय ३२, पुढची बाहेरची ६२.४ बाय ३५.६, पोर्टच्या बाजूची भिंत ३८.२ बाय ३२, तिच्या विरुद्ध बाजूची भिंत ३६.४ बाय ३२, आणि पोर्टच्या दोन फळ्या ३१.४ बाय ३२ व ३०.२ बाय ३२. पहिली पोर्ट-फळी पुढून मागे जाते आणि मागच्या भिंतीपासून ५ सेमी अलीकडे थांबते. दुसरी तिला काटकोनात, मागच्या भिंतीला समांतर. आठ बाय चारची एक शीट पुरून उरते, उरलेल्यातून आधाराची पट्टी काढा.

सुताराला मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्या. इंच-सुतात काम झालं आणि फट एका सुताने अरुंद झाली तर ट्यूनिंग एका हर्ट्झने खाली येतं. एवढं चालतं, पण अशा चार चुका एकाच बाजूला पडल्या की नाही चालत. शीटही कॅलिपरने मोजा, १८ म्हणून विकलेली जरा पातळ निघू शकते.

लाकूड एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा एचडीएचएमआर (त्याचाच जास्त घट्ट, ओल सोसणारा प्रकार). कोकणात, मुंबईत पावसाळ्यात एमडीएफच्या कडा फुगतात, तेव्हा तिथे एचडीएचएमआर किंवा सागरी (मरीन) प्लायच बरा. स्वस्त प्लायच्या गाभ्यात पोकळ्या असतात आणि त्या खडखडतात. फेविकॉल, ४० मिमीचे जिप्सम स्क्रू दर १५ सेमीला, आणि प्रत्येक स्क्रूआधी ३ मिमीचं भोक. भोक न पाडता कडेत स्क्रू घातला की एमडीएफ उभा चिरतो. पोर्टच्या तोंडाच्या कडा राउटरने गोल करा. सांध्यांना आतून सिलिकॉन लावा, पण ते २४ तास वाळल्याशिवाय ड्रायव्हर बसवू नका, वाळताना निघणारी वाफ कोनच्या (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) गोंदाला आणि सराउंडला (त्याच्या लवचीक कडेला) बाधू शकते. ड्रायव्हरचं भोक ड्रायव्हर हातात आल्यावरच कापा. बारा इंची म्हणवणाऱ्यांची कटआउट मापं एकसारखी नसतात. त्याला टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा आट्यांचा नट) आणि बोल्ट हवेत, लाकडी स्क्रू दोनदा काढले की सैल होतात.

वरची फळी मात्र लगेच चिकटवू नका. फोम टेप लावून स्क्रूवर बसवा, ड्रायव्हर जोडा आणि कमी आवाजात २५ ते ४५ हर्ट्झचे सूर एकेक वाजवा. ज्या सुराला कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि पोर्टमधून सर्वांत जास्त हवा येते, ते तुमचं खरं ट्यूनिंग. भिंतीला चिकटलेली फट हिशेबापेक्षा लांब वागते, म्हणून ते एक-दोन हर्ट्झ खालीच सापडेल. पोर्टची दुसरी फळी थोडी कापली की वर येतं. याच कारणाने ती फळी चाचणीपर्यंत नुसत्या स्क्रूवर ठेवा.

ट्यूनिंगच्या खाली कोनला आवरायला हवेचा दाब उरत नाही, तो मोकाट धावतो आणि व्हॉइस कॉइल (त्याच्यामागची तारेची गुंडाळी) आपटते. म्हणून अँप्लिफायरला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) आहे का, हे खरेदीआधी बघा. आपल्या बॉक्ससाठी तो २८-३० हर्ट्झवर लावायचा. गाडीत पोर्ट आणि डिकीचं दार यांच्यात किमान १०-१५ सेमी मोकळे ठेवा. बॉक्स एल-क्लॅम्पने जमिनीला आवळा, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर ३० किलोचा ठोकळा मागच्या सीटवर येतो. ड्रिल लावण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहून घ्या.