गाडी विकली, तरी नोंदणी तुमच्याच नावावर?

गाडीचे पैसे मिळाले आणि किल्ली दिली, एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने मालकी सुटत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, त्यालाच मालक मानून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 नुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाली असेल तर विक्रेत्याने 14 दिवसांच्या आत फॉर्म 29 भरून आरटीओला कळवायचे असते. हे काम एजंटावर किंवा खरेदीदाराच्या भरवशावर कृपया सोडू नका आणि पोच अवश्य घ्या.

विक्रीनंतरचे ई-चलान तुमच्या मोबाइलवर आले, तर घाईने दंड भरून विषय मिटवण्यापेक्षा, ताबा दिल्याची तारीख व वेळ असलेली सही केलेली पावती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, बँकेतील व्यवहाराची नोंद आणि फॉर्म 29 ची पोच जोडून वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करावी. त्याच कागदांसह आरटीओला अर्ज द्यावा आणि खरेदीदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नाव बदलल्याचे दिसेपर्यंत या कागदांच्या प्रती जपून ठेवाव्यात.