बाहेरच्या गिलाव्यात वॉटरप्रूफिंग केमिकल कसं घालावं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बाहेरच्या भिंतीचा गिलावा करायचा असेल तर काम पावसाआधी संपवा. नैर्ऋत्येकडची भिंत सर्वांत जास्त झोडपली जाते, तिच्यापासून सुरुवात करा.

भिंतीला टाचे मारा, म्हणजे गिलावा धरावा म्हणून छिन्नीने बारीक खाचा पाडा; मग धुऊन ओली करा. रेती चाळून घ्या. खाडीची खारट रेती अजिबात नको.

केमिकल निवडताना डबा वाचा. आयएस 2645 (अशा केमिकलचं भारतीय मानक) लिहिलेलं आणि क्लोराइड नसलेलं घ्या. क्लोराइडने आतलं लोखंड गंजतं, आणि वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठी गंजाला निमित्तच लागतं. गोठणाऱ्या थंडीसाठी असलेलं, मालात (कालवलेल्या सिमेंट-रेतीत) हवेचे बुडबुडे धरणारं केमिकल इथे घेऊ नका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. त्याला जागा मिळावी म्हणून लडाखसारख्या ठिकाणी ते बुडबुडे हवेत. आपल्याकडे ते गिलाव्याची ताकद कमी करतात.

आता कालवणं. हीच पायरी मला सर्वांत उशिरा साधली, आणि बहुतेक गिलावे इथेच फसतात. एक गोणी सिमेंटला चार मापं रेती कोरडी मिसळा; 50 किलोची गोणी म्हणजे अंदाजे 35 लिटर, तेच माप. केमिकल थेट घमेल्यात ओतू नका, ते गोळा होऊन एकाच जागी बसतं. डब्यावर दिलेलं प्रमाण मापून आधी पाण्यात ढवळा, मग ते पाणी मालात घाला. 'थोडं जास्त टाकलं तर जास्त पक्कं' हा सल्ला साफ खोटा आहे: जादा केमिकलने माल उशिरा धरतो, कधी कमजोरही पडतो.

आणि पाणी! यातल्या बऱ्याचशा केमिकलांमुळे पाणीही कमी लागतं. आधी केमिकलशिवाय थोडा माल कालवून पाणी किती लागतं ते पाहा, नंतर त्याहून कमीच घाला. माल घट्ट दिसला की मिस्त्री सवयीने मगभर पाणी ओततात. तिथे उभे राहा आणि थांबवा, कारण ते जादा पाणी उडून गेलं की मागे बारीक वाटा राहतात आणि जुलैचा पाऊस त्यांतूनच आत येतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल करा. धरू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करायचा नाही, टाकून द्यायचा.

पहिला थर 12 मिमी, खरबरीत. तो धरल्यावर दुसरा 8 मिमी, रंध्याने (गवंड्याच्या लाकडी थापीने) सारखा करा. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस पाणी मारा. मे महिन्याच्या उन्हात गोणपाट टांगून ते ओलं ठेवा.