बोटीच्या हाय-परफॉर्मन्स इंजिनात ऑइल प्रेशर कसं टिकवायचं

रस्त्यावरची गाडी पूर्ण थ्रॉटलवर सलग काही सेकंदच पळते. प्लेनिंग (वेगात पाण्यावर उचलून धावणाऱ्या) बोटीचं इंजिन मात्र 4500-5000 आरपीएमवर ओझ्याखाली तासभर चालतं. त्याच्या वाट्याला उतार येत नाही, गिअर बदलताना मिळणारी उसंतही नाही. त्यामुळे गाडीत वर्षानुवर्षं खपून जाणारी चूक इथे पहिल्याच मोसमात बेअरिंग खाते. आणि ती चूक बहुतेक वेळा जुळणीच्या टेबलावरच झालेली असते. पंपाची स्प्रिंग कडक करून ती सुधारत नाही.

पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बेअरिंगच्या फटीतून निसटताना जो अडथळा होतो, तोच गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. म्हणून सुरुवात फटीपासून करा. जर्नलच्या (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दर इंच व्यासाला 1 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट हा जुना हिशोब आजही चालतो. सतत ओझं असलेल्या बोटीसाठी त्यात पाव ते अर्धा थाऊ वाढवा. बिग ब्लॉक शेव्हीचा (शेव्हरोलेचं मोठं व्ही8 इंजिन) मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमध्ये फिरणारा, 2.75 इंचाचा असतो, म्हणून तिथे साधारण 3 थाऊ (0.076 मिमी) ठेवा. कनेक्टिंग रॉडचा जर्नल 2.2 इंचाचा, तिथे 2.5 थाऊ. याहून ढिलं ठेवायचा मोह आवरा, कारण फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. 2.5 चे 3.5 थाऊ झाले की गळती पावणेतीन पट होते.

माप बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजणारं साधन) घ्या. बेअरिंगची कॅप शेवटच्या टॉर्कला आवळलेली हवी आणि माप उभ्या दिशेत घ्यायचं. शेल (बेअरिंगची अर्धगोल पाती) जोडाच्या रेषेजवळ मुद्दाम पातळ केलेली असते, त्यामुळे तिथलं माप फसवं येतं. प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा प्लास्टिकचा धागा) पडताळणीपुरतं ठीक. फट अर्धा थाऊ कमी करायची असेल तर एक अर्धी शेल स्टँडर्ड आणि दुसरी 1 थाऊ अंडरसाइज (तेवढ्या बारीक जर्नलसाठीची) अशी जोडी लावा.

पंप डब्यातून काढून थेट बसवू नका. झाकण उघडा, सरळपट्टी आणि फिलर गेजने गिअरवरची फट बघा. 2 ते 3 थाऊ हवी. रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा प्रेशर सोडणारी झडप) पिस्टन बोअरमध्ये स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकत असेल तर बोअरची बर (धातूची बारीक खरखरीत कड) काढा. पिकअप पाइपला (पंपासाठी तेल ओढणारी जाळीची नळी) वेल्डचा टाका मारायचा असेल तर आधी पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर काढा. उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो आणि मग प्रेशर कुठेच नीट चढत नाही.

पिकअप आणि चेंबरचा (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) तळ यांतलं अंतर डोळ्यांनी ठरवू नका. जाळीवर मळलेल्या मातीचा गोळा ठेवा, गास्केटसह चेंबर बसवून बोल्ट आवळा, पुन्हा काढा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. 2 ते 3 सूत, म्हणजे 6 ते 10 मिमी आली पाहिजे. त्याहून कमी असेल तर पंप उपाशी राहतो. जास्त असेल तर तेल हलताच जाळी उघडी पडते.

हाय-व्हॉल्यूम पंप सरसकट लावू नका. फटी बरोबर असतील तर त्याचं वीस-पंचवीस टक्के जादा तेल रिलीफमधूनच परत फिरतं, वर तापतं आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर झिजवतं. लांब लाइनवरचा फिल्टर, मोठा कूलर आणि 8-10 क्वार्टचं (साधारण 7.5-9.5 लिटरचं) चेंबर असेल तरच तो शोभतो. छोट्या चेंबरवर तो तेल रॉकर कव्हरमध्ये नेऊन साठवतो आणि तळ कोरडा करतो.

बोटीत इंजिन मागे कललेलं असतं, शिवाय वेग घेताना नाक उचललं जातं. म्हणून पिकअप चेंबरच्या मागच्या भागात हवा आणि बॅफलला (चेंबरमधला तेल अडवणारा पडदा) एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा हव्यात. वेग एकदम कमी केला की तेल पुढे धावतं, ते या झडपा अडवतात. डिपस्टिकवरच्या मूळ खुणा कललेल्या इंजिनाला लागू पडत नाहीत. इंजिन बोटीत बसल्यावर मोजून तेल भरा आणि नवी खूण करा.

तापमानाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. समुद्राचं थंड पाणी थेट कूलरमधून खेळत असेल तर तेल तापतच नाही. पेट्रोल आणि बाष्प त्यातच राहतं, तेल पातळ होतं आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. कूलरच्या लाइनमध्ये 82 अंशांचा ऑइल थर्मोस्टॅट लावा आणि धावताना तेल 95 ते 115 अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. 65 अंशांच्या आत 3000 आरपीएमच्या वर जाऊ नका. लाइन 12 नंबर एएनची (साधारण पाऊण इंची) घ्या आणि काटकोनी फिटिंग शक्य तितकी टाळा. तेल 20डब्ल्यू-50 किंवा मरीन 25डब्ल्यू-40. एफसी-डब्ल्यू (बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचं प्रमाणपत्र) शिक्का असेल तर गंजापासून संरक्षणाची चाचणीही झालेली असते.

गेजची नळी फिल्टर आणि कूलरच्या पुढे, मेन गॅलरीतून (ब्लॉकमधली तेलाची मुख्य वाट) घ्या. कूलरच्या आधीचं रीडिंग बेअरिंगपर्यंत काय पोचलं ते सांगत नाही. तेल गरम असताना दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय हा ठोकताळा धरा. 5500 ला 55-60, आयडलला 15 च्या वर. मूळ स्विच 4-7 पीएसआयला दिवा लावतो, तोवर 5000 आरपीएमवर क्रँक गेलेला असतो. 2500 च्या वर 30 पीएसआयखाली गेलं की भोंगा वाजेल अशी वेगळी जोडणी करा.

पहिल्या स्टार्टआधी प्राइमिंग, म्हणजे पंप ड्रिलने फिरवून इंजिनात तेल भरणं, चुकवू नका. शेव्ही व्ही8 मध्ये डिस्ट्रिब्युटरची बॉडीच गॅलरी बंद करते, म्हणून कॉलर असलेलंच प्राइमिंग टूल वापरा आणि ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवा. तेल भरलं की ड्रिल हाताला जड लागतं. मग क्रँक पाव-पाव फेरा फिरवत सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत थांबा.

पाण्यात उतरल्यावर काटा वाचायला शिका. गरम आयडलला कमी पण वर ठीक असेल तर फट ढिली आहे किंवा तेल पातळ झालंय. खाली ठीक आणि वरच्या आरपीएमला घसरत असेल तर सक्शनकडे किंवा रिकाम्या होणाऱ्या चेंबरकडे बघा. काटा थरथरत असेल तर तेलात हवा शिरतेय. थ्रॉटल लगेच सोडा. सगळीकडेच कमी असेल तर रिलीफ उघडा अडकलाय.

पहिल्या धावेनंतर फिल्टर कटरने कापा. हॅक्सॉने कापलात तर करवतीचाच चुरा आत पडतो. कागदाच्या घड्या सुट्या करून व्हाइसमध्ये दाबा, उजेडात पसरा आणि चुंबक फिरवा. दोन-चार बारीक राखाडी ठिपके नव्या इंजिनात चालतात. तांबूस चकाकणारे पापुद्रे दिसले तर शेलचा वरचा थर गेलेला आहे. तेल बदलून पुन्हा पाण्यात नेऊ नका, कॅप उघडा.